चैतू आजाचा दगड

चैतू आजा काल गेला. आज त्यानंच आणलेल्या दगडावर बूट ठेवून गावानं त्याला श्रद्धांजली वाहिली.

चौकातल्या क्रांतिवीराच्या पुतळ्यासोबत ज्यांनी सेल्फी काढलेत, त्यांनी वाचा.

चबुतऱ्याची पहिली पायरी काळी आहे. बाकीच्या ग्रॅनाइटच्या.

ती काळी पायरी म्हणजे आधीचं स्मारक.

स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली असतील. आजा तेव्हा माझ्या आताच्या वयाहून लहान. इंग्रजांनी आमच्या वीराला फाशी दिली, पण देह गावाला दिला नाही.

आमच्यात माणूस गेला की त्याच्या नावानं दगड उभा करतात. त्याचा राहून गेला होता.

म्हणून आजा आणि गावातले लोक नदीतून दगड घेऊन आले. खांद्यावर, ढोल वाजवत. चौकातल्या मोहाच्या झाडाखाली उभा केला.

नाव कोरलं नाही. कोणाचा ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

तिथंच फसलो.

मागल्या वर्षी पुतळा समिती आली, तिला नुसता दगड दिसला. ठेकेदार म्हणाला, "पायरीले मस्त हाये."

आजा म्हणाला, "बाबू, आडवा नको करू. तो बसला हाये त्याच्यात."

अध्यक्ष हसले. "एवढा मोठा पुतळा देऊन राह्यलो आजा, अन् तुले गोट्याची पडली."

तेव्हापासून आजा रोज पायरीपाशी बसायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचा, "पाय बाजूनं टाक न बाबू."

पोरं त्याचे रील काढायची.

मी चंद्रपूरचं कॉलेज अर्धवट सोडून आलो, ते त्याच्या नातीपायी. तोवर तिला आरमोरीला देऊन झालं होतं. मग मीही आजाजवळ बसू लागलो.

"कॉलेज काऊन सोडलं बे?"

"तुझ्या नातीसाठी."

"येडा हायेस. ते गेली आपल्या घरी. तू ह्या दगडाचं पाह्य. मी जाच्या आधी उभा कर त्याले."

समितीत जाऊन भांडलो. एकाची कॉलर धरली. दगड काही हलला नाही.

आज चबुतऱ्यावर आजाची शोकसभा. माईक, हार, सगळे वर.

अध्यक्ष म्हणाले, "वर ये बे, फोटोत ये."

मी खालीच राहिलो.

मग ती आली, आजाची नात. माझ्याकडे पाहिलं नाही.

चप्पल काढली. काळ्या पायरीवर ओंजळभर मोहफुलं ठेवली आणि पायरीला टेकून खाली बसली.

भाषणं संपली. उतरायला दुसरी वाट नाही. तिला ऊठ म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही.

अध्यक्षांनी धोतर सावरत चबुतऱ्याच्या कडेनं उडी मारली. मग एकेक करून सगळ्यांनी.

आजा, आज एक दिवस सगळे बाजूनं उतरले.

उद्याचं मी पाहतो. तू जा.