बिनपूर्वजांचं बेट

समस्त रत्नागिरीकरांस कळविण्यास अत्यंत खेद होतो की, हिंदी महासागरातील सेशेल्समधल्या एका बेटाचा आपल्या गावातील एकमेव प्रचारक गेल्या महिन्यात निवर्तला. बेटाला हे अजून कळलेले नाही. गावाला कळले, पण गावाने आंबे पाडणे काही थांबवले नाही.

माझा मित्र विसू त्या बेटावर मुंबईच्या एका खोबऱ्याच्या व्यापाऱ्याकडे कारकून होता. आईच्या वर्षश्राद्धासाठी तो रजेवर आला आणि आमच्या ओटीवर बसून बेटाचे गुण गाऊ लागला. रानात आपसूक वाढणारी दालचिनी, माणसाच्या बैठकीच्या आकाराचा जोडनारळ... हा आकार हातांनी दाखवताना तो नेमका आमच्या भटजींकडे बघे! पण त्याचा खरा जीव बेटाच्या इतिहासावर.

"अरे, तिथे मुळात माणूसच नव्हता! फ्रेंच आले, त्यांनी गुलाम आणले, मग इंग्रजाने बेट घेतलं. वडिलोपार्जित असं काही नाहीच. म्हणून भाऊबंदकी नाही!"

"आणि त्या गुलामांची नातवंडं?" मी विचारलं.

"त्यांच्या आज्याने गुंठाभर जमीन ठेवली नाही, मेल्या. भांडतील कशावर?" असं म्हणून तो हसला.

इथे मात्र गडगा होता. जांभ्या दगडांची ती कंबरभर भिंत चुलतभावाने हातभर आत सरकवली, असा विसूच्या थोरल्या भावाचा, अण्णांचा, दावा. मूळचा गडगा रचताना विसू हजर होता, म्हणून साक्षीदार तोच. "एवढी साक्ष दे आणि सुखाने जा," अण्णा म्हणाले. तारीख पडली, पुढे गेली, पुन्हा पडली... एकदा तर विसू ट्रंकेसकट आगबोटीकडे निघालेल्या पडावात बसलाही होता. किनाऱ्यावरून अण्णा ओरडले, "विसू, सोमवारी तारीख लागली रे!" तो उतरला. त्या सोमवारी न्यायाधीश रजेवर होते. तिकडे व्यापाऱ्याने दुसरा कारकून नेमला.

लोक म्हणतात, विसू भावाच्या प्रेमाखातर राहिला. मी म्हणतो, भावाने त्याला गडग्यातल्या दगडासारखा बसवून टाकला. दहा-बारा वर्षं तो "या दिवाळीनंतर निघतो" म्हणत राहिला, आणि शेवटी साध्या तापाने गेला. दावा अजून चालूच आहे.

चितेला अग्नी देताना अण्णांचा बांध फुटला. त्यांना तसं रडताना पाहून माझाही राग निवळू लागला होता... तेवढ्यात त्यांनी हंबरडा फोडला, "विसू, आता पुढच्या तारखेला साक्ष कोण देणार रे!"