लायनर बसेपर्यंत

माझ्या नवऱ्याच्या उजव्या पायात सळई आहे. ज्या माणसामुळे ती घालावी लागली, त्याचं आर्वीत गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. वर त्यानेच माझ्या नवऱ्याला दारुडा म्हटलं. पाय एखादवेळी विसरले असते. दारुडा विसरले नाही.

आमची टोइंगची गाडी आहे. रस्त्यात बंद पडलेली वाहनं ओढून आणायची. नवरा चालवायचा, मी फोन घ्यायची. त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला तळेगावजवळच्या घाटात तो मागे जीप लावून उतरत होता आणि ब्रेक दाबला तरी गाडी थांबेना. दरीत जाण्यापेक्षा बरं म्हणून त्याने ती डोंगराच्या अंगाला घातली. मिस्त्रीने नंतर चाकाचा ड्रम उघडला तेव्हा लायनरचे तुकडे टोस्टसारखे हातात आले. लायनर म्हणजे ब्रेकच्या आतली घासणारी जाड पट्टी. ती ड्रमला धरते म्हणून चाक थांबतं. आर्वीतल्या त्या दुकानातून आणलेली आमची पट्टी बसवून महिनाही झाला नव्हता. डबा नावाजलेल्या कंपनीचा होता, आतला माल कुठला होता देव जाणे.

ते तुकडे पिशवीत घालून मी दुकानात गेले. चार ड्रायव्हर काउंटरला टेकून उभे होते. दुकानदाराने पिशवीत डोकावूनसुद्धा पाहिलं नाही.

"वैनी, पिणाऱ्याले कोणते बी ब्रेक पुरत नाई," तो म्हणाला.

ड्रायव्हर हसले. स्वतःच्या वरातीतही लिंबू सरबत पिणारा माझा नवरा आठवड्याभरात गावभर बेवडा झाला. मावससासरे दवाखान्यात भेटायला आले, संत्री ठेवली, आणि वाकून हळूच विचारलं, "किती घेतली होती बाप्पा?" नवऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. ते परत वळवायला मला फार दिवस लागले.

गाडी कोणीतरी चालवायलाच हवी होती. माझं माहेर रोहण्याचं, लग्नाआधी ट्रॅक्टरने वखरणी केलेली. परवाना काढला आणि बसले. पण त्याआधी एक काम केलं. दुकानदाराकडे गेले, पदर सावरून, नजर खाली ठेवून. "झालं ते झालं, भाऊ. लायनर तुमच्याकडचेच द्या."

त्याने मोठ्या मनाने दिले. तोच डबा, तेच लेबल. मी तो घरी आणून पलंगाखाली ढकलला.

खरे लायनर मिस्त्रीसोबत नागपूरला जाऊन आणले. मिस्त्री म्हातारा आणि कमालीचा संशयी. पट्टी उजेडात धरायचा, कडेवरून नख ओढायचा, भुकटी निघते का पाहायचा, वासही घ्यायचा. तीन दुकानांतून तो पट्टी परत ठेवून बाहेर पडला. चौथ्या दुकानात नखाला काही लागलं नाही. पट्टीवरचा नंबर डब्यावरच्या नंबराशी त्याने दोनदा जुळवला, मग मान हलवली.

ड्रम लेथवर साफ करून लायनर बसवले. मला त्याच दिवशी घाट गाठायचा होता. मिस्त्री ओरडला, "काऊन घाई करून राह्यली बाई? अजून लायनरची न् ड्रमची ओळख नाई झाली. आताच दाबून ब्रेक मारशीन तं लायनर जळन, काचेवानी चमकन, मंग जलमभर घसरत राहीन."

म्हणून आर्वी, रोहणा, पुलगाव आणि परत, रिकामी गाडी, सलग पाच दिवस. वेग धरायचा, ब्रेक हलकेच दाबायचा, सोडायचा, गार होऊ द्यायचं. पुन्हा दाबायचा. पहिल्या दिवशी जळकट वास सुटला, तिसऱ्या दिवशी गेला. प्रत्येक वेळी पेडलवर पाय ठेवताना मला त्या माणसाचा गळा दिसायचा. हलकेच दाबायचा, सोडायचा. रागालाही वळण लावावं लागतं हे मी त्या रस्त्यावर शिकले. सहाव्या दिवशी मिस्त्रीने ड्रम उघडला. लायनर या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा घासलेला होता.

"बसले," तो म्हणाला. "आता लाव ओझं."

मागे एक भंगार जीप लावून मी दुकानासमोर उभी राहिले. काउंटरला ड्रायव्हर होतेच.

"भाऊ, तुमचेच लायनर टाकले," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "लोकं तुमच्या मालावर शंका घेतात. चला, घाटातून एक चक्कर मारू. सगळ्यांची तोंडं बंद होतीन."

"माह्या दुकानाचं कोण पाहीन?"

"जा ना भाऊ," ड्रायव्हर म्हणाले. "आमी पाह्यतो दुकान."

त्याच्या मानेवर घाम आला. नाही म्हणावं तर माल खोटा ठरतो. तो चढला. त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने हसलेल्या ड्रायव्हरलाही मी मध्ये बसवलं.

उतार लागला. गिअर खालचाच ठेवला, पण ब्रेकवरचा पाय उचलून घेतला. मागची जीप गाडीला रेटायला लागली. आमचे ब्रेक कसे आहेत ते मला ठाऊक होतं. आपण काय विकलं ते त्याला ठाऊक होतं. गाडीतल्या आम्हा दोघांत तेवढाच फरक होता.

"वैनी, ब्रेक मारा."

"घाई काऊन करता? पिऊन नाई चालवून राह्यली मी."

पहिलं वळण गेलं. त्याने डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला. दुसऱ्या वळणाआधी तो अक्षरशः बोंबलला, "नका भरोसा करू त्या लायनरवर! डुप्लिकेट हाय ते! फुटन!"

मी ब्रेक दाबला. गाडी जीपसकट जागच्या जागी उभी राहिली.

ड्रायव्हर त्याच्याकडे पाहत राहिला. "म्हंजे तुमाले माहीत होतं?"

मी दुकानदाराला तिथेच उतरवलं. मे महिना, दुपारचं ऊन. तळेगावपर्यंत तो पायी गेला की कोणी बसवून नेलं, मी चौकशी केली नाही.

पुढचं काम त्या ड्रायव्हरने केलं. संध्याकाळपर्यंत स्टँडवरच्या प्रत्येकाला ठाऊक झालं होतं. आठ दिवसांनी दुकानदार घरी आला, नवऱ्यासमोर उभा राहून म्हणाला, "माहं चुकलं. तुमी पेले नव्हते." नवऱ्याने त्याला बसा म्हटलं. मी चहा ठेवला नाही, पाणीही विचारलं नाही. पुढे त्याच्याकडे ड्रायव्हर जाईनासे झाले आणि दिवाळीआधी त्याने दुकान विकलं. सूड घेऊन मन शांत होत नाही म्हणतात. माझं झालं.

नवरा मात्र त्या घाटाच्या दिवशी संध्याकाळी भडकला होता. "भीतीनं मेला असता तो तं?"

"मेला असता," मी म्हटलं.

दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी कुबडी भिंतीला टेकवून तो चहाला बसला. कपाकडे बघत, सहज विचारल्यासारखं म्हणाला, "नेमका कोणत्या वळणावर बोंबलला?"

मी सांगितलं. त्याने आणखी एकदा सांगायला लावलं.