समिंदराची ओटी

बस सुटायच्या आधी काकू दाराच्या पत्र्यावर दोन थापा मारायच्या आणि आत बसलेल्या सगळ्यांना दरडावायच्या, "पाहुण्यावानी चाललो, पाहुण्यावानीच राहाचं! समजलं का बे?" हे 'बे' म्हाताऱ्यांनासुद्धा लागू होतं. मी ड्रायव्हर, मलाही.

तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेल, जिच्या तोंडाला सगळे भितात आणि जिच्यावाचून कुणाचं पान हलत नाही. काकू आमच्या मोताळ्याच्या बाजारात भाजी विकायच्या. नवरा लवकर गेलेला, कपाळ मोकळं. बाजार उठला की आपल्या जागेवरची सडकी पानं गोळा करून मगच घरी. वर्षातून एकदा, तुरी घरात आल्या की, बायापुरुषांची बस भरून समुद्र दाखवायला कोकणात न्यायच्या.

आमच्या लोकांना समुद्राचं भारी अप्रूप. पण पहिल्या वर्षी केलं काय? 'कचरा टाकू नये' असं लिहिलेल्या पाटीलाच टेकून संत्री सोलली. सालं, पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, सगळं तिथंच. काकू घसा फाटेस्तोवर ओरडल्या, कुणी ऐकेल तर शपथ.

तो ओरडा ऐकून एक कोळीणबाई बाहेर आली आणि तिनं सगळ्यांना पाणी प्यायला घरी बोलावलं. घर वाळूला लागूनच, पुढे सारवलेलं अंगण. आणि गंमत बघा, त्याच बाया पाणी पिऊन झाल्यावर उठल्या आणि कुणी न सांगता तिचं अंगण झाडायला लागल्या! काकू कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. मला म्हणाल्या, "ड्रायव्हरभाऊ, वाळू कोणाचीच नाई, म्हून घाण करतात. अंगण कोणाचं तरी असते."

तेव्हापासून दरवर्षी आधी त्या अंगणात जेवण, मग समुद्र. सुकत घातलेल्या मासळीच्या वासानं आमच्या बाया नाकाला पदर लावायच्या, पण ठेचा-भाकर तिला आग्रहानं वाढायच्या. जेवणं झाली की काकू अंगणापासून पार पाण्यापर्यंत बोट फिरवायच्या, "तिथलोक हिचंच अंगण हाय." मग काय बिशाद कुणाची पुडी टाकायची!

राहिला प्रश्न ओटीचा. नदी दिसली की आमच्या बाया तिची ओटी भरतात, समुद्र तर केवढा! खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून पाण्यात सोडायचं. काकू आडव्या आल्या. "समिंदर काय चोळी शिवून घालणार हाय? त्याची लेक ही उभी हाय ना, हिची भरा." पुढच्या वर्षी कोळीणबाई त्यातल्याच खणाची चोळी घालून दारात. "माह्या खणाची हाय वो!" म्हणत आमची एक बाई अशी नाचली, की सगळी बस हसली.

आता पुढचं ऐका. तेही सांगितलं पाहिजे.

एका वर्षी पोचलो तर कोळीणबाईचं कपाळ मोकळं. पावसाळ्यानंतर नवरा होडी घेऊन गेला, तो परतलाच नाही. तरी तिनं आमच्यासाठी अंगण सारवून ठेवलं होतं. काकू तिच्या गळ्यात पडून रडल्या. जेवणं उरकली. मग डोळे पुसून काकू म्हणाल्या, "चला, ओट्या भरा."

कुणी उठेना. शेवटी एक जण खालमानेनं म्हणाली, "तिची कशी भराची काकू? सवाशीण नाई ना ते आता."

"आत्ता जेवले ना तिच्या अंगणात? तवा सवाशीण लागली नाई तुमाले!"

बाया पिशव्या घेऊन पाण्याकडे गेल्या. काकूंना स्वतःला भरता येत नव्हती. विधवेच्या हातची ओटी कोण मानतं? "जाऊ दे गो आक्का," कोळीणबाई म्हणाली. मला आमच्या माणसांची अशी चीड आली, की गाडी तिथंच सोडून द्यावी वाटलं. एकदा तिचा मान गेला, तसं अंगणही गेलं. घटकाभरात पुरुषांनी पुड्या फोडल्या, वाळूत बाटल्या लोळू लागल्या.

संध्याकाळी भरती आली आणि समुद्रानं सगळं तिच्या पायरीपाशी आणून टाकलं. काकू, कोळीणबाई आणि मी वेचत होतो. एक पिशवी फुटून आतल्या हिरव्या बांगड्या बाहेर आल्या. कोळीणबाईनं त्या जरा वेळ हातात धरल्या, मग पोत्यात टाकल्या.

परतीच्या वाटेवर, गावाजवळचा राजूर घाट उतरताना काकू म्हणाल्या, "मी तिले मालकीण केलं, अन् माह्याच माणसांनी तिले उठवलं."

पुढच्या वर्षी काकूंच्या बसला माणसंच मिळाली नाहीत. सगळे दुसऱ्या गाडीनं गेले. तिथं ना ओरडा, ना अंगण. काकूंनी त्याच वर्षी अंथरूण धरलं. मी भेटायला गेलो तर उशाखालून खण काढला. "मीच भरीन तिची. लोकाले म्हणू दे काय म्हणाचं ते. नेशीन ना मले?"

"नेतो ना काकू, काऊन नाई नेणार?" मी म्हणालो. तुरी निघायच्या आत काकू गेल्या. सुनेनं तो खण आणून माझ्या हातात दिला.

यंदा दुसऱ्याच पार्टीची गाडी घेऊन त्या किनाऱ्यावर गेलो. अंगण सारवलेलंच होतं. कोळीणबाईनं माझ्या मागं पाहिलं.

"आक्का?"

मी नाही अशी मान हलवली आणि काकूंचा खण पुढे केला. तिनं पदर पसरला.

खाली माझ्या गाडीतल्या बाया हसत-खिदळत पाण्यात पिशव्या सोडत होत्या. "पाहुण्यावानी राहा बे!" मी ओरडलो. एक-दोघींनी वळून पाहिलं, एवढंच.

"संध्याकाळी भरती येईल," कोळीणबाई म्हणाली. खण पदराच्या गाठीत बांधून ती पोतं आणायला आत गेली.