रिकामी चक्की

शपथ घेऊन सांगतो भिया, एक-एक शब्द खरा आहे. मतलब, पंख्याचा किस्सा थोडा वाढवलाय. बाकी खरं. कुठे फेकतोय असं वाटलं तर तिथेच टोक, पोहे-जलेबीचे मी देईन. शेवटपर्यंत गप्प बसलास तर तू.

नॉइज म्युझिकवाल्यांकडे गाणी नसतात, किस्सेच साठतात. ना सूर, ना ताल. चाळीस मिनिटं नुसती घरघर, खरखर, शिट्ट्या. आम्ही तिघं. मी, नाशिकहून इथे आयटीत आलेली पल्लवी, आणि मंदार शिर्के. मंदारच्या बाबांची बड़ा गणपतीला पिठाची चक्की होती. रविवारी दुपारी ती बंद असायची, तेव्हा आम्ही तिथे वाजवायचो. पूर्ण इंदौरात ती एकच जागा, जिथे आवाजाची कम्प्लेंट यायची नाही.

*

पहिल्या शोला अकरा जण आले. त्यातल्या चौघींच्या हातात गव्हाचे डबे. बाहेरून ऐकून त्यांना वाटलं, आज रविवारी पण चालू आहे.

तिघी बघून परत गेल्या. एक काकू मात्र पोत्यावर बसून राहिल्या, पूर्ण चाळीस मिनिटं. पल्लवीचे डोळे भरून आले. आमचं कुणी असं ऐकलंच नव्हतं.

संपल्यावर काकू उठल्या. "झालं ना तुमचं? आता माझं जरा बारीक दळून द्या."

*

एकदा मी जाहीर केलं की आज परदेशातला एक मोठा आर्टिस्ट आहे, अंधारात वाजवणार, कुणी बोलायचं नाही. आणि वरचा जुना पंखा चालू केला. त्याचं बेअरिंग गेलेलं होतं.

लोकांनी डोळे मिटून ऐकलं. एका दाढीवाल्याने आर्टिस्टचा नंबर मागितला. मी इलेक्ट्रिशियनचा दिला.

पुढच्या रविवारी इलेक्ट्रिशियन खरंच आला, दाढीवाल्याने बोलावलं म्हणून. वीस मिनिटं ठोकाठोकी केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण पंखा दुरुस्त झाला ना यार. आमचा सगळ्यात चांगला आर्टिस्ट गेला.

*

सगळे एकच विचारतात, यात मजा काय आहे? मी तर थकलो सांगून. आता पल्लवीकडे पाठवतो.

ती म्हणते, "आठवडाभर कॉलवर सगळे मला समजावून सांगत असतात. रविवारी काहीतरी न समजणारं पाहिजे."

*

एकच माणूस विचारायचा नाही. शिर्के काका. ते तिसऱ्या मिनिटाला उठून जायचे. दर वेळी.

मंदार चक्कीचेच आवाज रेकॉर्ड करून वाजवायचा, बाबांना आवडतील म्हणून. काका दारातून एवढंच म्हणायचे, "रिकामी चक्की फिरवू नये रे. गहू नसला की दगड दगडाला खातो."

मंदार त्यानंतर दोन-दोन दिवस बोलायचा नाही.

मग काकांनी चक्की विकली. लोक आता थैलीतला आटा घेतात. सोमवारी मशीन उचलून नेणार होते, म्हणजे रविवारचा शो शेवटचा. मंदारला एवढंच पाहिजे होतं, की बाबांनी एकदा, फक्त एकदा, शेवटपर्यंत बसावं.

*

त्या रविवारी मंदारने चक्कीचा एक पण आवाज घेतला नाही. सगळं लॅपटॉपवर, शून्यातून बनवलेलं. मी बाजूला बसून बघितलंय, म्हणून सांगतो.

तिसरं मिनिट आलं. काका हलले नाहीत. दहावं गेलं, विसावं गेलं. डोळे मिटलेले, हात गुडघ्यावर. पल्लवी माझ्या कानात म्हणाली, झोपले वाटतं.

चाळीस मिनिटांनी आवाज थांबला. काकांनी डोळे उघडले.

"ही मानपुरची आहे," ते म्हणाले. "माझ्या वडिलांची. इंजिनवर चालायची. तू जन्मायच्या आधीच विकली आम्ही. तुला कुठे सापडली?"

मंदारने माझ्याकडे बघितलं. मानपुरला त्यांची चक्की होती, हे त्याला त्या दिवशी कळलं.

"बाबा, कशी वाटली?"



"रिकामी नाहीये," काका म्हणाले. "आत गहू आहे."

*

काय झालं भिया? टोकलं नाहीस ना?

मग काढ पैसे. जलेबी दोन वेळा घेतलीय मी.