ड्रायव्हर धरून बत्तीस

काकूंनी नवऱ्याचा चेहरा जितका पाहिला होता, त्याच्या दहापट त्याची मान पाहिली होती. एकवीस वर्षं दोघं एकाच बसवर होती. काका पुढे स्टिअरिंगला, काकू मागे, गळ्यात चामड्याची पिशवी अडकवून तिकिटं फाडायला. डेपोतले लोक म्हणायचे, काय नशीब काढलंत, दिवसभर जोडीनं फिरता. काकू म्हणायच्या, हो ना, त्यांची पाठ आणि मी. अर्थात त्या पाठीवरूनही सगळं कळायचं. मान आखडली की साहेबांशी वाजलेलं असायचं आणि कान लाल झाले की भूक लागलेली असायची.

आधी काका निवृत्त झाले, वर्षभरात काकूंनीही पिशवी जमा केली. मग लेकीनं दोघांची नावं परदेशाच्या सहलीत घातली. बारा दिवस, दोन मोठी शहरं आणि एक ओसाड पडलेली प्राचीन नगरी. काकूंना शहरांचं फारसं पडलेलं नव्हतं. त्यांना एकच हवं होतं, नवऱ्याच्या शेजारी बसून कुठंतरी जायचं. खिडकी आपली, शेजारचा खांदा त्यांचा.

विमानातच माशी शिंकली. जागा मिळाल्या त्या एकामागे एक. नऊ तास पुन्हा तीच मान.

"कुणाशी तरी जागा बदलून घ्या की," काकू मागून म्हणाल्या.

"असू दे. तू मागे आहेस म्हटलं की मला निवांत वाटतं."

आता यावर माणसानं रागवायचं तरी कसं?

सहलीच्या बसमध्येही तीच गत. काकांनी पहिल्याच दिवशी चालकाच्या मागची जागा धरली. शेजारच्या जागेवर सहल नेणाऱ्या मुलीच्या बॅगा आणि फायली. तिला सगळे मॅडम म्हणत आणि ती स्वतः चालकाजवळच्या घडीच्या खुर्चीवर बसे.

"मागे या ना," काकू म्हणाल्या.

"चालकाला मदत लागते."

"त्याला तुमची भाषा कळत नाही."

"ब्रेकची भाषा सगळीकडे एकच," काका म्हणाले, आणि पुढच्या वळणावर त्यांचा उजवा पाय जोरात खाली गेला.

त्याच दिवशी माणसं मोजताना मॅडम दोनदा चुकल्या. काकूंना राहवेना. त्या उठल्या, मागून पुढे एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "तीस."

मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. यादीत बत्तीस होते. दुकानं, प्रसाधनगृहं, पार्किंग सगळं पालथं घालून झालं. शेवटी त्यांच्या डोक्यात काहीतरी चमकलं. "काकू, तुम्ही स्वतःला मोजलंत का? आणि काकांना?"

"ड्रायव्हर-कंडक्टरला कोण मोजतं?" काकूंनी विचारलं.

बस पोट धरधरून हसली. त्या दिवसापासून मोजणी काकूंकडे गेली. काकूंचे तीस म्हणजे सगळे आले, हे सगळ्यांना पाठ झालं.

पहिलं शहर काचेचं होतं. एखादा ढग एका इमारतीत शिरून शेजारच्या इमारतीतून बाहेर पडतोय असं वाटायचं. तिथली रेल्वे चालकाशिवाय धावते हे कळल्यावर काकांचा चेहराच उतरला. ते पहिल्या डब्यात शिरले ते थेट पुढच्या काचेला जाऊन उभे राहिले. दोन शेजारच्या जागा रिकाम्या होत्या. काकूंनी एकीवर हातानं थोपटलं.

"बसा की."

"कुणीतरी पुढे बघायला नको का?"

आठ स्टेशनं काकांनी पुढे बघितलं. उतरले तेव्हा कपाळावर घाम होता, पण गाडी सुखरूप आणल्याचं समाधानही लपत नव्हतं.

दुसरं शहर याच्या अगदी उलट. तिथं सरळ रस्ता औषधालाही नव्हता. नुसत्या पायऱ्या आणि बोळ. समोरून कुणी भाजीची पिशवी घेऊन आलं तर आपण सरळ कुणाच्या तरी दारात शिरायचं. काकूंनी बरोबरीनं चालून बघितलं, पण भिंतींनी दोघांना एकामागे एक लावलं. एका आंधळ्या वळणाशी काका म्हणाले, "इथं हॉर्न द्यायला हवा," आणि तोंडानं दिला. वरच्या खिडकीतून एका म्हातारीनं तसाच उलट दिला. काकूंना इतकं हसू आलं की पायरीवर बसावं लागलं. काका मात्र तोवर चार पायऱ्या पुढे गेले होते.

नवव्या दिवशी सकाळी काकूंनी सांगून टाकलं, "आज परत येताना माझ्या शेजारी बसायचं. एवढं एक करा, बाकी काही मागत नाही."

"बघू," काका म्हणाले.

त्या दिवशी ती ओसाड नगरी होती. छप्पर नसलेले खांब, खांबांवर बसलेले पक्षी, उघड्या नाट्यगृहाच्या दगडी पायऱ्यांतून उगवलेलं गवत. मधून दगडी रस्ता जात होता, आणि त्या दगडांत दोन खोल रेघा झिजलेल्या होत्या. काका तिथं उकिडवे बसले ते बसलेच.

"अगं, चाकं आहेत ही. शेकडो वर्षं इथनं गाड्या गेल्यात." त्यांनी विती टाकून अंतर मोजलं. मग वळणापर्यंत गेले. "हे बघ, बाहेरची रेघ जास्त खोल. वळण जोरात घ्यायचे लेकाचे."

"चार वाजले. बस सुटेल."

"तू हो पुढे. माझ्याशिवाय बस कुठं जातेय?"

काकू फणकाऱ्यानं निघाल्या. बसमध्ये चढल्या, फेरी मारली आणि म्हणाल्या, "तीस." दाराच्या पत्र्यावर दोन थापा दिल्या. बस निघाली.

मागच्या जागेवर काकूंनी शेजारी पर्स ठेवून जागा धरली. आसनांच्या पाठी उंच होत्या, पुढचं काही दिसत नव्हतं. काका पुढे नेहमीच्या जागी असणार, हे त्या धरूनच चालल्या होत्या. येतील, आज येतील. आपण बघायचंच नाही. पंधरा मिनिटं त्यांनी बघितलं नाही. मग राग विरघळला आणि त्या पुढे गेल्या. जागेवर फक्त काकांची टोपी होती.

"हे कुठं गेले?"

मॅडम वळल्या. "काकू, तीस तुम्हीच म्हणालात."

काकूंनी मागे धावत जाऊन पर्स उघडली. काकांचा फोनही त्यांच्याच पर्समध्ये होता. घाटाच्या त्या रस्त्यावर मोठी बस वळवणं शक्य नव्हतं. मॅडम स्वतः मागे जायला निघाल्या, तेव्हा काकूंनी त्यांना खाली बसवलं. "ही तीस माणसं कुणाच्या भरवशावर सोडतेस? हॉटेलचा पत्ता लिहून दे. एकवीस वर्षं बसमध्ये चढण्या-उतरण्यावाचून मी दुसरं केलंय काय?"

फाट्यावर उलट दिशेची गावची छोटी निळी बस मिळाली. काकूंनी हातांनी खांब काढून दाखवले, मग ते पडलेलेही दाखवले. चालकानं मान हलवली. त्यानं स्वतःच तिकीट फाडलं, याचं काकूंना त्या घाईतही वाईट वाटलं.

दहा मिनिटांत समोरून तशीच दुसरी निळी बस आली. रस्ता अरुंद, दोन्ही चालक ओळखीचे. गाड्या खेटून उभ्या करून त्यांनी गप्पा सुरू केल्या. काकूंनी सहज पलीकडच्या उघड्या खिडकीत बघितलं. हातभर अंतरावर दांडा धरून काका उभे होते, नजर सरळ पुढे. काकूंनी हाका मारल्या. ऐकू येईना. शेवटी त्यांनी काच सरकवली आणि छत्रीच्या टोकानं त्यांना ढोसलं.

काका वळले. इतका घाबरलेला चेहरा काकूंनी कधी पाहिला नव्हता. एवढ्या वर्षांत तो असा झालाही असेल. मागून कसा दिसणार?

"कुठं निघालात?"

"तुला शोधायला. वाटलं, मला शोधत तूच कुठं उतरून हिंडतेयस. मी नसताना तू बस सोडशील कशी?"

"मीच सोडली," काकू म्हणाल्या. "तीस मोजले आणि सोडली."

काका खिडकीशी वाकले. "मग बरोबरच मोजलेस," ते म्हणाले, आणि दोघांनाही हसू आवरेना.

"ये इकडे. ही हॉटेलकडं जाते."

"नाही," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं मी तुमच्या बसमध्ये चढले. आज तुम्ही माझ्या बसमध्ये या."

दोन्ही चालकांना एकही शब्द कळला नाही, पण दोघांनीही काकांकडेच बघितलं. काका उतरले, वळसा घालून वर चढले आणि काकूंच्या शेजारी बसले. खांद्याला खांदा लागला. थोडा वेळ त्यांनी सवयीनं पुढे बघितलं. मग हळूच मान फिरली.

"अगं, शेळी बघ भिंतीवर चढलीय."

"बघितली."

"ती बाई गच्चीत चादरी झटकतेय. आणि खाली समुद्र आहे की. हे सगळं बाजूलाच असतं होय?"

"बाजूलाच असतं."

काकूंनी मॅडमना फोन करून सांगितलं की माणूस सापडला, उशीर होईल. ओसाड नगरीचा थांबा आला. चालक वळून त्यांच्याकडे बघू लागला.

"उतरायचं?" काकांनी विचारलं.

काकूंनी चालकाला पुढे चल म्हणून खूण केली.

"पुढे काय आहे?"

"मला काय माहीत? दिसेलच."

खिडकी काकूंची होती. काका त्यांच्या अंगावरून ओणवे होऊन बाहेर बघत होते, आणि काकू त्यांना सरका म्हणत नव्हत्या.