सिनादिनचा बोलका गुडघा

आमच्या गल्लीत आयवार कधी करायचा, हे सिनादिनचा उजवा गुडघा ठरवायचा.

दक्षिण सर्बियातल्या लेस्कोवात्सच्या वरच्या अंगाला आमचं गाव. सप्टेंबर सरत आला की अंगणाअंगणात लाल मिरच्यांच्या राशी पडतात. त्या चुलीवर भाजायच्या, सोलायच्या, वाटायच्या आणि मग मोठ्या कढईत दिवसभर घोटत उभं राहायचं, तेव्हा कुठे वर्षभराचा आयवार बरण्यांत जातो. हे सगळं उघड्यावर. मध्येच पाऊस आला की झाली माती. म्हणून आदल्या दिवशी जो तो सिनादिनच्या फाटकाशी. हा बाकावर बसलेला, पाय लांब केलेला, आणि तोरा काय विचारता!

"ठणकतोय," तो म्हणायचा. म्हणजे पाऊस. "आतून गार लागतंय," म्हणजे थंडी. "गप्प आहे," म्हणजे पेटवा चुली. चुकायचाही अधूनमधून, आणि चुकला की सगळी गल्ली त्याला यथेच्छ शिव्या घालायची. तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा. मात्र घोटायला या म्हटलं की लगेच, "माझ्याच्याने उभं राहवत नाही गं, बोसिल्का." बोसिल्का म्हणजे मी, त्याची शेजारीण.

गुडघा बिघडला त्याच्या ऐन तारुण्यात. रुमेना, म्हणजे त्याची बायको, तेव्हा नुसतीच शेजारच्या वाडीतली पोरगी होती. तिने बघावं म्हणून हा पठ्ठ्या आलुबुखाराच्या झाडाच्या शेंड्यावर चढला आणि फांदीसकट खाली आला. रुमेना अजून शपथेवर सांगते, "मी बघतसुद्धा नव्हते हो!"

तर या वसंतात रुमेना त्याच्या रोजच्या कण्हण्याला कंटाळली आणि त्याला धरून शहरातल्या इस्पितळात घेऊन गेली. डॉक्टरांनी जुना गुडघा काढून नवा, धातूचा बसवला. सिनादिन परत आला तो ताठ चालत. पण चेहरा असा, जणू कुणाला पोचवून आलाय.

मी विचारलं, "आता हवामानाचं काय रे?"

"हाड बदललंय फक्त," तो ऐटीत म्हणाला. "हवामानाची शीर आहे तिथेच आहे."

मी मनात म्हटलं, असेल बाई! आपण काय डॉक्टर आहोत?

शीर कसली नि काय कसलं. त्याला काडीचंही कळत नव्हतं. पण त्यांची मुलगी परदेशात, गल्लीतली निम्मी घरं कुलूपबंद, आणि दिवसभरात जी चार माणसं फाटकाशी थांबायची ती या गुडघ्यापायी. गुडघा मुका झाला हे कळलं तर कोण कशाला थांबेल? ही भीती त्याला खात होती. मला हे रुमेनाने नंतर सांगितलं, आणि सांगताना तिलाच रडू आलं.

आयवारचे दिवस आले. बुधवारी सकाळी सिनादिनने जाहीर केलं, "ठणकतोय! दुपारी पाऊस, आणि पाठोपाठ गारठा!" आम्ही मिरच्या झाकल्या, चुली आत घेतल्या आणि वाट बघत बसलो. दुपार झाली, संध्याकाळ झाली. कुठला पाऊस! ऊन असं की माझ्या घरची कोंबडी सावली शोधत फिरत होती.

गुरुवारी समोरचा ग्रादिमिर फाटकाशी येऊन ओरडला, "काका, तुमच्या गुडघ्याने एक दिवस खाल्ला आमचा! मिरच्या मऊ पडायला लागल्या." आणि आम्ही सिनादिनचं काही न ऐकता चुली पेटवल्या. गल्लीभर खमंग धूर पसरला. माझी कढई नुकती रटरटायला लागली होती, आणि धो धो कोसळला की हो!

पळापळ. सगळ्यांत जवळ सिनादिनचा गोठा. गाय कधीच विकलेली, गोठा रिकामा. कढया, परात, टोपल्या, भिजलेली माणसं, सगळं आत कोंबलं. ग्रादिमिरने परात गव्हाणीतल्या वाळल्या गवतावर आदळली, आणि गवतातून एक बाई बोलायला लागली.

"...काल उत्तरेत झालेला पाऊस आज दक्षिणेकडे सरकला आहे. उद्यापासून तापमानात घट..."

गवताखाली रेडिओ! ग्रादिमिर म्हणाला, "काका, तुमच्या गुडघ्याचा आवाज बायकी आहे हो!" मग जो हशा पिकला! मीही हसले, खोटं कशाला बोलू.

सिनादिन दारात उभा होता, चिंब भिजलेला. "काल ती आधी उत्तरेचं सांगत होती," तो पुटपुटला. "तेवढ्यात रुमेनाची पावलं वाजली. आपल्या दक्षिणेचं यायच्या आतच मी बंद केला." आणि तसाच पावसात घरात निघून गेला. तेव्हा हसू थांबलं आमचं.

शुक्रवारी गारठा पडला. शनिवारी ऊन आलं, तरी बाक रिकामाच. निम्म्या मिरच्या उरल्या होत्या, सडायला टेकल्या होत्या. मला काही तो रिकामा बाक बघवेना. गेले आणि फाटक बडवलं.

"सिनादिन! उद्या चूल पेटवू का?"

"रेडिओला विचार," आतून आवाज आला.

"विचारलं. कोरडं राहील म्हणतो."

"मग पेटव की!"

"आणि पाऊस आला तर शिव्या कुणाला घालू? त्या रेडिओतल्या बाईला? तिला ऐकू तरी जातं का मेलीला? बाहेर ये आधी."

आला बाहेर. सवयीने हात गुडघ्याकडे गेला, आणि त्याने तो मागे घेतला. "लोखंड आहे गं, बोसिल्का. काही सांगत नाही ते."

"गुडघ्याला कोण विचारतंय? मी तुला विचारतेय."

मग त्याने मान वर केली आणि आभाळ बघितलं. इतक्या वर्षांत त्याला वर बघताना मी पाहिलंच नव्हतं, सदा आपला गुडघ्याकडे. बराच वेळ बघितलं बिचाऱ्याने.

"पेटव," तो म्हणाला. "कोरडं राहील. मला वाटतं."

स्वयंपाकघरातून रुमेना ओरडली, "आणि पाय आता चांगला आहे म्हणावं! घोटायला उभा राहा!"

रविवारी दिवसभर तो माझ्या कढईशी उभा होता, घामाघूम, कोपरापर्यंत लाल. चार वाजता चार थेंब पडले आणि सगळ्या गल्लीने त्याला शिव्या घातल्या. एवढं खूश मी त्याला कधी बघितलं नव्हतं.