माझ्यासमोरची रिकामी जागा

सरांनी टाळी वाजवली आणि 'चेंज' म्हणाले. पुरुष एकेक जागा पुढे सरकले. माझ्यासमोर यायची पाळी पांढऱ्या बुटांच्या माणसाची होती. तो आला नाही. भिंतीजवळच्या खुर्चीवर त्याची बाटली होती, तिकडे गेला आणि पाणी पीत उभा राहिला. गाणं सुरू झालं. हॉलभर जोड्या, आणि मधे मी एकटी.

"शॅडो कर, पोरी," सर म्हणाले.

शॅडो म्हणजे समोर कोणी आहे असं धरून नाचायचं. डावा हात हवेतल्या दंडावर, उजवा हात हवेतल्या हातात. मी हात वर केले आणि नसलेल्या माणसाबरोबर वळले. सगळ्यांसमोर. नजर जमिनीवर ठेवली, नाहीतर तिथेच रडले असते.

गिरगावात खोताच्या वाडीमागे एक छोटा हॉल आहे. दर शनिवारी संध्याकाळी तिथे बॉलरूम डान्स शिकवतात. मी नायगावच्या बीडीडी चाळीत वाढले. चाळ पाडली, आता टॉवरची वाट बघत आई आणि मी भाड्याच्या खोलीत राहतो. लोअर परळला एका इन्शुरन्स ऑफिसात मी क्लेमचं काम बघते. लहानपणी एका नाताळात आईचं बोट धरून त्या वाडीतून जाताना एका व्हरांड्यात म्हातारा-म्हातारी वॉल्ट्झ करताना दिसले होते. एवढ्याशा जागेत दोघं गोल गोल फिरत होती आणि कोणाचा पाय कोणावर पडत नव्हता. मला तसं फिरायचं होतं. बस, एवढंच. कोणाला धडा शिकवायला मी गेले नव्हते.

क्लासची पद्धत साधी. पुरुष लीडर, बायका फॉलोअर. वळण कधी घ्यायचं, किती घ्यायचं, ते लीडर ठरवतो. तो त्याचा उजवा पाय आपल्या दोन पायांच्या मधे टाकतो आणि वळतो. आपण आधीच अंदाज बांधून वळायचं नाही. थांबायचं. त्याच्या अंगातून वळण आपल्याकडे येतं, मग जायचं. मला ते पटकन जमलं. थांबायची सवय आमच्या घराण्यातच आहे. आणि कोणी एकाच जोडीदाराला चिकटून राहू नये म्हणून दर गाण्यानंतर चेंज. सगळ्यांनी सगळ्यांबरोबर नाचायचं, हा क्लासचा पहिला नियम.

तो पांढऱ्या बुटांचा माणूस क्लासमधला सगळ्यात चांगला लीडर. दादरचा, शिकलेला, बोलायला गोड. त्याच्याबरोबर मी पहिल्यांदा पुरी फिरले. डोकं मागे, खिडक्या सरकतायत, पाय जमिनीवर आहेत की नाहीत कळत नव्हतं. तो म्हणाला, तुमच्याबरोबर वळताना काही करावंच लागत नाही. मी हवेत होते. बसने घरी जाताना एकटीच हसत होते.

मग एकदा चहाच्या सुट्टीत त्याने विचारलं, राहायला कुठे. नायगाव म्हटलं. पोलीस क्वार्टर्स का? म्हटलं, नाही, बीडीडी. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं.

"अच्छा," तो म्हणाला.

त्याचं आडनाव मी इथे लिहीत नाही. मी ते कधी विचारलंच नव्हतं. नाचायला आडनाव लागतं हे मला माहीत नव्हतं.

त्यानंतरच्या शनिवारी त्याने माझी फक्त बोटांची टोकं धरली. पाठीवरचा हात पाठीला न लावता वर वर ठेवला. असा हात ठेवला की वळण येतच नाही, मी त्याच्या पायावर पाय दिला. गाणं संपल्यावर त्याने खिशातून सॅनिटायझरची बाटली काढली आणि बोटं चोळली. माझ्यासमोर. मग पुढच्या बाईचा हात धरला, घट्ट, नीट. तिच्यानंतर मात्र बाटली निघाली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारपासून त्याला माझ्याच पाळीला तहान लागायला लागली. मग त्याच्या मित्रालाही.

आणि मी काय केलं? मी हात धुतले. मला वाटलं, माझ्या हाताला घाम येतो. क्लासच्या आधी हॉलच्या मोरीत साबण लावून कोपरापर्यंत धुवायचे. वास घेऊन बघायचे. पर्समध्ये अत्तर ठेवायला लागले. मला वाटलं, मी जड आहे, मी चुकीची वळते. घरी कॉट भिंतीला सरकवून सराव करायचे. आई म्हणायची, अगं चक्कर येईल. कोणीतरी माझ्या तोंडावर थुंकत होता आणि मी आपली तोंड पुसून विचारत होते, माझं काय चुकलं. आज त्याच्यापेक्षा जास्त राग मला त्या साबणाचा येतो.

डोळे उघडले शर्वरीने. क्लासमधलीच, शिवाजी पार्कची. माझी समजूत घालायला आली होती बिचारी. हळू आवाजात म्हणाली, "मनावर घेऊ नकोस गं. त्यांच्या घरात जरा जुनं वातावरण आहे. माणूस वाईट नाही."

म्हणजे हिला माहीत होतं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मी हवेला धरून फिरत होते तेव्हा हॉलमधल्या प्रत्येकाला कारण माहीत होतं, आणि सगळे तालात वळत होते.

घरी येऊन आईला सांगितलं. माझी आई परळच्या हॉस्पिटलात आया होती. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटना पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कुशीवर वळवायचं, हे तिने जन्मभर केलं. मला वाटलं, म्हणेल, सोड ते नाचबिच. ती भाजी निवडत होती. हात थांबले तिचे.

"वळवताना माणूस सगळं अंग आपल्यावर टाकतो," ती म्हणाली. "तेव्हा एकानेही मला आडनाव विचारलं नाही. मरणाच्या दारात चालतो आपला हात."

मग जुडी उचलून पुन्हा निवडायला लागली. मी रात्रभर जळत होते.

पुढच्या शनिवारी मी हात न धुता हॉलमध्ये गेले. वॉल्ट्झमध्ये सगळ्या जोड्या हॉलभर एकाच दिशेने फिरतात. मधेच कोणी थांबलं तर मागचे अडतात, म्हणून थांबायचं झालं तर बाजूला व्हायचं असतं. चेंज झालं. तो पाण्याकडे गेला. सर म्हणाले, शॅडो कर. मी हात खाली ठेवले आणि फिरण्याच्या वाटेत उभी राहिले.

मागची जोडी माझ्यावर आदळली. तिच्यावर मागची. कोणीतरी सॉरी म्हणालं, कोणीतरी वैतागलं. मी हलले नाही. सरांनी गाणं बंद केलं.

"बाजूला हो, पोरी. तो पाणी पितोय."

"त्याला तहान लागलेली नाही, सर. त्याला माझं आडनाव कळलंय."

आवाज कापत होता माझा. कापू दे म्हटलं. तो बाटलीचं झाकण लावत शांतपणे म्हणाला, कोणाबरोबर नाचायचं ही ज्याची त्याची चॉइस असते. मी म्हटलं, मग रांगेत उभे राहू नका. इथे चेंजचा नियम आहे आणि तो माझ्यासाठीही आहे. शर्वरी जमिनीकडे बघत होती. बाकीचेही. सरांनी त्या दिवसापुरता क्लास संपवला.

जिन्यात त्यांनी मला गाठलं. वाईट माणूस नाही, पण हॉलचं भाडं ज्यांच्या फीवर निघतं त्यांना दुखवायची हिंमत नाही. त्यांनी तोडगा काढला होता. त्याची पाळी आली की तुझ्याबरोबर मी नाचेन, म्हणाले. कोणाच्या लक्षातही येणार नाही.

"नको," मी म्हटलं. "लक्षातच आलं पाहिजे."

उद्या शनिवार आहे. मी जाणार आहे. फी मीही भरली आहे, आणि हॉल सोडून कोणी जायचंच असेल तर त्याने जावं. मी हात धुणार नाही, अत्तर लावणार नाही, हवेला धरून एक पाऊलही टाकणार नाही. फिरण्याच्या वाटेत, मधोमध उभी राहीन. पाळी असेल तो माणूस समोर आला, नीट हात धरला, तर वळेन. नाही आला, तर त्या हॉलमध्ये कोणीच वळणार नाही.